बोक्याला तीन दिवस शी नाही. घरात काय देऊ? (बडोदा)

रावपुऱ्याची | १६ जानेवारी, रात्री १०:०४

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुकभूल माफ करा.

आमचा बोका दिवाणजी. वय अकरा पूर्ण, नसबंदी झालेली, वजन साडेपाच किलो. (सासूबाईंच्या मते वाळलाय.) तीन दिवस झाले, त्याला शी झालेली नाही. निदान मला तरी कुठे सापडलेली नाही. उत्तरायणाला घर भरलेलं होतं, सुरतचे आणि पुण्याचे मिळून अकरा जण. मागच्या पडवीत गाद्या घालायच्या म्हणून त्याचा शी-शूचा वाळूचा ट्रे वर गच्चीच्या जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवला. कोणी साफ केला, कोणी नाही, त्यामुळे नेमका हिशोब लागत नाही. मी स्वतः पाहिलेली शेवटची शी भोगीच्या सकाळची, म्हणजे १३ तारखेची. तीसुद्धा खडखडीत, खजुराच्या बियांसारख्या चार लेंड्या.

आज दुपारपासून मोरीत जाऊन बसतो, पाठ वाकवून कुंथतो, बारीक ओरडतो आणि काही न करता बाहेर येतो. संध्याकाळी एकदा पिवळं पाणी ओकला. सकाळी थोडं खाल्लं, आता बशीकडे बघत नाही. खाणं म्हणाल तर वर्षानुवर्षं ड्राय फूड, घरात मासे झाले तर एखादा तुकडा.

सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात चमचाभर दिवेल पाज (एरंडेल हो, पण आमच्याकडे दिवेलच म्हणतात). शेजारचे मोटाभाई म्हणतात गरम दुधात तूप. खंडेराव मार्केटातली भाजीवाली म्हणते कोळुं उकडून दे. मुलगी म्हणते ईसबगोल. डॉक्टर उद्या सकाळी दहाला. आज रात्री काय करू?

एरंडाचे_गुऱ्हाळ | रात्री १०:१२

सासूबाई बरोबर आहेत. आमच्या आजोळी वर्षाला एकदा सगळ्यांना एरंडेल मिळायचं, माणसं, वासरं, मांजरं, कोणी सुटायचं नाही. अर्धा चमचा कोमट करून पाजा, पहाटे मोकळा.

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री १०:१९

ताई, एरंडेल राहू द्या. आधी एक सांगा: त्याला शू होतेय का? बोका मोरीत बसून कुंथतोय म्हणजे शीसाठीच, असं धरून चालू नका. लघवी अडली तरी बोका अगदी असाच बसतो, असाच ओरडतो, ओकतोसुद्धा. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो, बारीक खडा किंवा चिकट बुळबुळीत पदार्थ अडकला की बूच बसतं. नसबंदी झालेले, घरात बसणारे, ड्राय फूड खाणारे बोके यात जास्त सापडतात. शी तीन दिवस थांबली तर उद्या सकाळी डॉक्टर चालतील. शू थांबली असेल तर सकाळ फार लांब आहे.

ओळख म्हणून: आणंदला शिकलो, नोकरी सगळी म्हशींत गेली. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या मांजरवाल्यांनी गाठलं, तेव्हा नव्याने पुस्तकं उघडली.

रावपुऱ्याची | रात्री १०:२३

डॉक्टर, तेच कळत नाहीये. मोरी कायम ओली असते. वरच्या ट्रेमध्ये आज ओल्या वाळूचा गोळा नव्हता, कोरडा होता. आता पोटात गोळा माझ्याच आला.

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री १०:२६

मोरी फडक्याने कोरडी करा, जुने पेपर पसरा, दार लोटून बाहेर बसा. पोट दाबून बघायला जाऊ नका. फुगलेलं मूत्राशय दाबलं तर फुटू शकतं. तासाभरात पेपर ओला झाला नाही, किंवा नुसते दोन-चार थेंब किंवा लाल डाग दिसले, तर रात्रीच निघायचं. तोवर कुठला दवाखाना रात्री उघडा असतो ते फोन करून ठेवा.

लष्करवाली | रात्री १०:३८

डॉक्टरांचं ऐका हो. मी ग्वाल्हेरची. आमचा चंपू चार वर्षांचा होता. असाच ट्रेमध्ये बसून राहायचा. आम्ही दीड दिवस त्याला भोपळा, ईसबगोल, कोमट पाणी, सगळं केलं. पोटाला तेल लावलं. दवाखान्यात नेलं तेव्हा टेबलावर आडवा पडला होता, अंग गार. लघवी तुंबली होती, रक्तात पोटॅशियम चढलं होतं आणि हृदयाचे ठोके मंदावले होते. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते आठवत नाही, मी हातातली भोपळ्याची डबी घट्ट धरून उभी होते एवढं आठवतं.

त्यामुळे असा धागा दिसला की मी पहिलं तेच विचारते. शू झाली का?

गोत्रीरोड | रात्री १०:४४

बडोदेकर आहात आणि कालच वासी उत्तरायण (पतंगांचा दुसरा दिवस) झालं, म्हणून विचारतो: दोरा तर गिळला नाही ना? गच्चीवर गुंता पडलेला असतो, मांजरं खेळतात, जिभेच्या काट्यांमुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, आत आतच जातो. आमच्या चिंगीच्या मागून गुलाबी मांजा लोंबत होता दोन वर्षांपूर्वी. भावाने ओढायला हात घातला, नशिबाने आईने हातावर मारलं. एक टोक आत कुठे अडकलेलं असेल तर ओढल्यावर आतडं गोळा होतं आणि दोरा त्याला कापत जातो. मांज्याला काच असते हे वेगळं सांगायला नको. दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून दवाखान्यात.

जिभेखाली बघा. बऱ्याचदा टोक तिथे वेढलेलं असतं.

रावपुऱ्याची | रात्री ११:२१

पेपर ओला!!! चांगला पोळीएवढा डाग. सासूबाई, मुलगी आणि मी तिघी मोरीच्या दारात उभ्या राहून टाळ्या वाजवल्या, दिवाणजी रागावून पलंगाखाली गेले. जिभेखाली टॉर्च मारून बघितलं, दोरा नाही. मला ओरबाडलं ते सोडून द्या.

तिरपा_डोळा | रात्री ११:२५

सर टी. माधवरावांनंतर बडोद्यात कुठल्याच दिवाणासाठी इतकी माणसं जागली नसतील.

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री ११:३३

छान. आता घाई थोडी कमी. आज रात्री तोंडात बळजबरीने काहीही घालायचं नाही. पाण्याच्या दोन-तीन बशा ठेवा, वेट फूडचा पाऊच असेल तर त्यात चार चमचे कोमट पाणी कालवून ठेवा, खाल्लं तर खाल्लं. पुन्हा ओकला, मलूल पडला किंवा पोट टणक लागलं तर रात्रीच न्या. कुंथताना जोर पडून एखादी ओकारी होते, पण त्यावर विसंबू नका. शिवाय कडक खड्याच्या कडेने थोडं पातळ पाझरतं, ते बघून लोक म्हणतात "अरे, याला तर जुलाब झालेत" आणि उलटं औषध देतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

माणसाच्या औषधांचा डबा उघडू नका. मेडिकलमध्ये मिळणारा तयार एनिमा मांजराला कधीच नाही. त्यातल्या फॉस्फेटने रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, झटके येतात, मांजर जातं. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा नाही. ते पचवायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, एक गोळी जीव घ्यायला पुरते.

एरंडाचे_गुऱ्हाळ | १७ जानेवारी, सकाळी ७:५०

एरंडेल का नको ते कोणी सांगितलंच नाही. पुस्तकं वाचून पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान मोडीत काढायची फॅशनच आहे. गुजरातेत एरंड पिकतो देशात सगळ्यात जास्त, आणि बडोदेकरांनाच एरंडेल वर्ज्य?

गोठ्यातला_डॉक्टर | सकाळी ८:१५

सांगतो. एरंडेल आतड्याला डिवचून पळवतं. पुढे दगडासारखा खडा बसलेला असताना मागून आतडं पिळवटलं तर काय होईल? कळा येतील, ओकेल, आणि अंगातलं उरलंसुरलं पाणीही जाईल. पाणी कमी पडलं म्हणून तर खडा झालाय. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषायचं. मळ जितका वेळ आत, तितका कोरडा. कोरडा म्हणून निघत नाही, निघत नाही म्हणून आणखी कोरडा. आणि असं वारंवार झालं, आतडं महिनोन्‌महिने ताणलेलं राहिलं, की त्याची आकुंचन पावायची ताकदच जाते. त्याला मेगाकोलन म्हणतात. मग औषधं पुरत नाहीत, कधी आतड्याचा तुकडा काढावा लागतो.

दुसरं, तेल-तूप-पॅराफिन काहीही चमच्याने घशात ओतलं की मांजर मान झटकतं आणि ते श्वासनळीत जातं. पॅराफिनला तर चवही नसते, त्यामुळे ठसकाही लागत नाही, सरळ फुप्फुसात. शी मोकळी करायला गेलो आणि न्यूमोनिया घेऊन आलो असं नको.

एरंडाचे_गुऱ्हाळ | सकाळी ८:४०

बरं, एरंडेल सोडा. दूध? आमच्या मांजरीला दुधाने हमखास पातळ व्हायचं. म्हणजे काम झालं की नाही?

गोठ्यातला_डॉक्टर | सकाळी ९:०२

हा प्रश्न मात्र चांगला आहे. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि तिथले जंतू ती आंबवतात, म्हणून पातळ होतं. गंमत अशी की लॅक्ट्युलोज नावाचं जे औषध आम्ही देतो ते याच तत्त्वावर चालतं, न पचणारी साखर. फरक मापाचा. लॅक्ट्युलोज मोजून देता येतं, कमी-जास्त करता येतं. दुधाचं माप प्रत्येक मांजरात वेगळं: एकाला काहीच होत नाही, दुसऱ्याचं पोट वाताने नगारा, तिसऱ्याला पाण्यासारखे जुलाब. आणि जुलाबात पाणी गेलं की दोन दिवसांनी पुन्हा खडे.

तीन_मांजरांची_आई | सकाळी ९:२०

पुण्याहून. धाग्यात "कोळुं" वाचून दचकले. ताई, कोहळा नव्हे हं, लाल भोपळा द्यायचा असतो! कोहळ्याचा पेठा करतात किंवा दारात टांगतात.

खारीवाव | सकाळी ९:३१

बाई, घाबरू नका. गुजरातीत कोळुं म्हणजेच तुमचा लाल भोपळा. तुमच्या कोहळ्याला इकडे भूरुं कोळुं म्हणतात. ६० वर्षांपूर्वी माझी बायको साताऱ्याहून लग्न होऊन आली आणि वास्तुशांतीला मी मार्केटातून "कोहळा" म्हणून लाल भोपळा घेऊन गेलो. गुरुजी काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही.

तिरपा_डोळा | सकाळी ९:३५

मग टांगला की खाल्ला?

खारीवाव | सकाळी ९:४१

घारगे केले.

गोत्रीरोड | सकाळी ९:५५

भोपळ्याबद्दल माझा अनुभव सांगतो. डॉक्टर चुकलं तर दुरुस्त करतील. इंटरनेटवर भोपळ्याचा जितका गवगवा आहे तितकं त्यात काही नाही. उकडलेल्या भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. शंभर ग्रॅममध्ये तंतू एक-दोन ग्रॅम, आणि मांजर खाणार एक चहाचा चमचा. त्यात तंतू असे किती जाणार? चिंगीला चालतो, आवडतो, पण मी त्याला औषध म्हणत नाही. खाण्यातलं पाणी वाढवायची एक युक्ती म्हणतो. साखर, मीठ, फोडणी काही नाही. फोडणीत कांदा-लसूण असेल तर मुळीच नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

ईसबगोल वेगळी चीज आहे. आमच्या मामांचा ऊंझ्यात व्यापार, जिरं आणि ईसबगोल, त्यामुळे घरात पोतं असतं. भुशी अर्ध्या वाटी पाण्यात टाकून दहा मिनिटं ठेवा, चमचा उभा राहतो. आतड्यात हेच होतं: पाणी धरून ठेवते, मळ मऊ राहतो. पण पाणी हवं! कोरडी भुशी खाण्यावर भुरभुरवली आणि मांजर पाणी पीत नसेल तर आत सिमेंट. मी पाव चमचा पाण्यात फुलवून वेट फूडमध्ये कालवतो, एका वेळेला.

गोठ्यातला_डॉक्टर | सकाळी १०:१०

बरोबर. एकच भर. ईसबगोल अडलेलं काढायला नाही, पुन्हा अडू नये म्हणून. आत खडे ठासून भरलेले असताना वरून फुगणारी वस्तू घालायची नाही. आणि ज्याचं आतडं आधीच सैल पडलंय त्याला जास्त तंतू कधी कधी उलटेच बाधतात. त्यांना कमी मळ होईल असं पचायला हलकं खाणं द्यावं लागतं. म्हणून आधी तपासणी.

रावपुऱ्याची | १७ जानेवारी, दुपारी ४:४०

आलो घरी. सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

डॉक्टरांनी पोटावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, रुद्राक्षाची माळ लागतेय हाताला. एक्स-रे काढला. मला एक्स-रेतलं काही कळत नाही, पण ते कळलं: कमरेच्या हाडाजवळून वरपर्यंत पांढरे गोळे एकापुढे एक, शिस्तीत, स्टेशनवर मालगाडी थांबल्यासारखे. हिरड्या चिकट होत्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसत होती, म्हणजे अंगात पाणी कमी. आधी सलाईन, मग थोडी गुंगी देऊन कोमट पाण्याचा एनिमा, दोनदा. चार तास बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी एक जर्मन शेफर्ड होता, तो मला बघून रडत होता.

मालगाडी सुटली.

रक्तात क्रिएटिनिन थोडं वर आहे, पोटॅशियम ठीक. म्हणाले किडनीची सुरुवात असू शकते, अंगात पाणी कमी असल्यानेही वाढतं, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासू. लॅक्ट्युलोज दिलंय, मोजून. (किती ते इथे लिहीत नाही, कोणीतरी वाचून आपल्या मांजराला तेवढंच देईल.) घरी आल्यापासून झोपलाय. सासूबाई दृष्ट काढून गेल्या.

हो, आणि एक्स-रे बघताना ते म्हणाले की मागच्या पायाच्या खुब्याला संधिवात दिसतोय. मी म्हटलं, वय झालं आता.

तीन_मांजरांची_आई | सायं. ५:१५

हुश्श! पण ताई, एक गोष्ट कालपासून डोक्यात घोळतेय आणि तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायलाच हवं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये म्हणालात, पाहुण्यांसाठी ट्रे गच्चीच्या जिन्याच्या वळणावर नेला. तो खाली परत आणला का? खुबे दुखतात, जिना चढायचा, वर गेलं की ट्रेचा काठ ओलांडायचा, आत पाठ वाकवून बसायचं. आणि १४, १५ला गच्चीवर तुतारी, पिपाण्या, स्पीकर, "काप्यो छे" ची आरोळी. मी त्याच्या जागी असते तर मीही धरून ठेवलं असतं. शू तेवढी धरवत नाही, ती मोरीत केली.

रावपुऱ्याची | सायं. ५:२२

नाही आणला.

रावपुऱ्याची | सायं. ५:५०

आत्ता आणला. जागेवर ठेवला, पडवीत. हा उठला, लंगडत गेला, वास घेतला आणि त्यात जाऊन नुसता बसला. बाहेरच येईना. मला इतकं वाईट वाटतंय की काय सांगू. कुठलं तेल पाजावं यावर तीन दिवस घरात परिषद भरली होती आणि त्याला संडासच ठेवला नव्हता.

गोठ्यातला_डॉक्टर | सायं. ६:०५

आई, दंडवत. मला हे सुचायला हवं होतं. ४० वर्षं म्हशींना ट्रे दिला नाही ना कधी.

अपराधी वाटून घेऊ नका ताई. एकट्या ट्रेने हे झालं नाही. वय, किडनी, दहा टक्के पाण्याचं कोरडं खाणं, थंडीत पाणी कमी पिणं, हे सगळं आधीपासून साचत होतं. भोगीच्या सकाळच्या त्या खजुराच्या बिया म्हणजे पाहुणे यायच्या आधीचीच खूण. जिन्याने शेवटचा धक्का दिला. म्हाताऱ्या मांजरांत सांधे दुखणं फार असतं आणि ती लंगडण्याआधी उडी मारणं सोडतात. आपण म्हणतो आळशी झाला.

तुमच्या डॉक्टरांना दुखण्याच्या औषधाबद्दल विचारा. किडनीकडे बघून काय द्यायचं ते तेच ठरवतील. माणसाचं कुठलंही नको.

लष्करवाली | रात्री ८:३०

आता पाणी कसं वाढवायचं ते मी सांगते, यात मी पदवीधर आहे. चंपूनंतर आलेल्या दोघींवर सगळे प्रयोग झालेत.

मांजराची मूळ जात वाळवंटाकडची. शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवायची सवय, तहान म्हणून लागतच नाही फारशी. उंदरात जवळपास सत्तर टक्के पाणी. आपण त्याला कोरडे दाणे घालतो आणि म्हणतो पाणी ठेवलंय की शेजारी. किलोला साधारण ५० मिली पाणी दिवसाला लागतं, म्हणजे तुमच्या दिवाणजीला पाव लिटरच्या वर. ८० ग्रॅमच्या एका पाऊचमध्ये त्यातलं ६०-६५ मिली येतं. वरून मी प्रत्येक वेळी दोन मोठे चमचे कोमट पाणी घालते, सूप झालं तरी चाटतात.

बशी पसरट घ्या, मिशा काठाला न लागणारी. ट्रेजवळ नको, खाण्याजवळही नको. चार खोल्यांत चार बशा. आमची एक फक्त तुळशीच्या कुंडीखालच्या थाळीतलं पीत असे, शेवटी तिथेच रोज ताजं पाणी ओतायला लागले. कोंबडी उकडलेलं पाणी, नुसतं, मीठ-कांदा-लसूण न घालता, गाळून, बर्फाच्या साच्यात गोठवा. रोज एक खडा विरघळवून द्या. शिजवलेली हाडं मात्र चुकूनही नाहीत, त्याने तर आणखी चुना साचतो आत.

आणि दाणे एकदम बंद करू नका. म्हातारं मांजर हट्टाने उपाशी राहतं, आणि जाडं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढते. आठ-दहा दिवसांत हळूहळू.

सुरसागर_काठी | १८ जानेवारी, सकाळी ११:०५

आमच्या गल्लीत एक भटकी मांजर अशीच कुंथताना दिसते, पोट मोठं आहे. कोणी बघायला येईल का?

गोत्रीरोड | सकाळी ११:१८

पोट मोठं आणि कुंथतेय? पिल्लं तर होत नाहीयेत ना! १९६२ ला फोन करा, करुणा ॲम्ब्युलन्स, बेवारस जनावरांसाठीच आहे. उत्तरायणाचे दिवस आहेत, पक्ष्यांच्या मागे धावत असतील, थोडा वेळ लागेल.

सुरसागर_काठी | दुपारी २:४०

तीन. एक पांढरं, दोन करडी. फोन करायची वेळच आली नाही.

रावपुऱ्याची | २ फेब्रुवारी, रात्री ९:१५

विचारपूस करणाऱ्यांसाठी. दोन आठवड्यांत रोज नाही, पण दीड दिवसाला एकदा होतेय. तपकिरी, मऊ, सलग. मी फोटो काढून बहिणीला पाठवले तर तिने मला ब्लॉक केलं.

ट्रेचं असं झालं की काठ त्याला उंच पडत होता. नवा कमी काठाचा शोधत होते तर सासूबाईंनी पापडाचं पीठ मळायची जुनी परात काढून दिली. "आता कोण करतंय घरी पापड." दोन बोटांचा काठ, ऐसपैस. वाळू थोडी बाहेर उडते, मी खाली पोतं घातलंय. दुसरा ट्रे सासूबाईंच्या खोलीबाहेर. एका मांजराला दोन कशाला असं मला वाटायचं, पण थंडीच्या रात्री पडवीत जायचा त्याला कंटाळा येतो, तेव्हा दुसरा कामी येतो.

भोपळ्याला त्याने पंजाने माती लोटल्यासारखं केलं. ईसबगोल डॉक्टरांना विचारून सुरू केलंय, पाव चमचा, फुलवून, कोंबडीच्या पाण्यात. लॅक्ट्युलोज गोड असल्याने आवडेल असं मुलीला वाटलं होतं. नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री ९:४०

मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं जनुकच त्याच्यात निकामी असतं. त्याला तो नुसता चिकट पाक वाटतो. आठवड्यातून दोनदा ब्रशही करा, या वयात पाठीमागचं अंग चाटायला वळवत नाही, केसांच्या गुठळ्या होतात, शेपटीखाली चिकटल्या तर तिथेही अडतं. क्रिएटिनिनची तारीख विसरू नका.

एरंडाचे_गुऱ्हाळ | रात्री १०:०२

परातीचा सल्ला पुस्तकात नव्हता, सासूबाईंनी दिला. एवढंच नोंदवतो आणि बसतो.

रावपुऱ्याची | १४ फेब्रुवारी, सायं. ७:२०

क्रिएटिनिन खाली आलंय, पण अजून नॉर्मलच्या काठावर. किडनीचं खाणं हळूहळू सुरू करा म्हणाले, वेटमधलंच, आणि दर तीन महिन्यांनी रक्त. खुब्यांसाठी औषध दिलंय. काल पहिल्यांदा खिडकीच्या कट्ट्यावर चढला, दिवाळीनंतर चढलाच नव्हता. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

होळीला पुण्याचे पाहुणे पुन्हा येणार आहेत. गाद्या हॉलमध्ये घालायच्या ठरल्यात.